माणशी दोन बादल्या

नकाशा फरशीवर पसरला
आणि कूलरनं तो उचलला.
मग पोर्ट ब्लेअरवर मिठाची बरणी,
हॅवलॉकवर अडकित्ता,
आणि खाली निकोबारवर, जिथं आपल्याला जाऊच देत नाहीत,
तिथं कुंदावन्सचा चष्मा.
नीलवर ठेवायला काही उरलं नाही.
बेट एवढंसं, म्हणून मी त्यावर बोट ठेवलं
आणि तशीच बसून राहिले.

मानेवाडा. मे महिना. दुपारचे तीन.
बाहेर डांबर चप्पल सोडत नाही.
दिवाकरची एलटीसी यंदा वाया जाणार,
ऑफिसातले सगळे अंदमान करून आले,
पौनीकर तर दोनदा,
एकदा बायकोसोबत, एकदा सासूसोबत,
आणि सल्लेही त्यांचे दोन:
"पोर्ट ब्लेअरातच राहा. बाजार जवळ, दवाखाना जवळ."
"पोर्ट ब्लेअरात काहून राहता बाप्पा?
सीताबर्डीच पाहायची तर विमान कायले?"

दिवाकरनं वहीत रकाने आखले.
भाडं. नाश्ता. एसी.
समुद्र किती पावलांवर.
हा शेवटचा त्यानं दोनदा खोडला.
भरतीची पावलं वेगळी, ओहोटीची वेगळी,
आणि ज्याचा जन्म ऑडिटात गेला
त्याला असा हलता आकडा सोसत नाही.

हॅवलॉकला झोपडीचे साडेसात हजार.
झोपडीचे!
"काटोलच्या आत्याकडं गवताचंच छप्पर होतं," तो म्हणाला,
"तिनं तर वरून लाडू दिले."

कुंदावन्सना पलंगावरून समुद्र दिसायला हवा.
"गुडघे नाही म्हणतात माझे, मी पडल्या पडल्या पाहीन."
त्रेसष्ट वर्षं झाली, समुद्र पाहिलेला नाही.
झिरो माइलपासून तो दोन्हीकडं सारखाच दूर,
त्यामुळं कुठल्याच बाजूचा आपला झाला नाही.
फुटाळ्याला गेलो की मात्र त्या दरवेळी म्हणतात,
"असाच असंल ना गं?
फक्त पलीकडचा काठ काढून टाकायचा."

शेवटी मीच नीलला फोन लावला,
नकाशावरचं बोट न उचलता.
शेफाली मंडल. बोलणं हिंदी, पण बंगालीत घोळवलेलं.
खोल्या तीन. घरातून समुद्र दिसत नाही, तिनं आधीच सांगितलं,
मधे केळी आहेत, मग दिराचं घर.
मासे सकाळचे.
आणि आंघोळीला माणशी दोन बादल्या,
मागून भांडण नको, दीदी,
उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो.

टँकर.
आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं,
परक्या गावात अचानक
आपल्या आडनावाची पाटी दिसावी तसं.
अंगणात आमचे निळे ड्रम उभे होते,
मंगळवारची वाट बघत.

मागं काहीतरी घरघरत होतं.
"हा समुद्राचा आवाज का?" मी विचारलं.
"नाही हो, पंप आहे."
मग तीच जरा थांबून म्हणाली,
"तुमच्याकडं पाऊस लागलाय का?"

दिवाकर उठला. कूलर बंद केला.
वाळ्याच्या ताटीतून पाणी गळत राहिलं थोडा वेळ,
मग थेंब, मग तेही नाही.
"थांबला," मी फोनवर म्हणाले.
का म्हणाले, ठाऊक नाही.
पंचेचाळीस डिग्रीत बाईनं एवढं बोललं तर चालत असावं.

वन्सनी निकोबारवरचा चष्मा उचलला,
डोळ्यांवर चढवून माझ्या बोटाकडं पाहिलं.
"केळीच्या मागं आहे ना पण?"
"आहे."
"मंग चालते. उठून जाईन मी."

दिवाकरनं समुद्राच्या पावलांवर तिसऱ्यांदा काट मारली,
शेजारी नवा रकाना: पाणी.
त्यात २ लिहिलं, खाली रेघ ओढली.

नकाशाची घडी घालताना दिसलं,
माझ्या घामानं कागद तेवढ्यापुरता फुगला होता.
नील आता हॅवलॉकएवढं झालं होतं.