दहा किलो

गंगावेशीच्या तालमीत, काट्यावर,
मगदुमांचा बाहुबली.
श्रावणात शहाण्णव होता, आज शहाऐंशी.
"दहा किलो गेलं कुठं रं?" मी दारातनंच विचारलं.
"घामातनं. ह्या हौद्याला विचार," वस्ताद म्हणाले.

मी वही काढली. कॉलेजातनं थेट आलेली.
कार्बन मांडला, ऑक्सिजन मांडला.
घाम-बिम सगळं धरून पाणी दीड किलोच्या वर थोडंसं.
बाकी आठ किलोहून जास्त
नाकावाटे गेलंय, वस्ताद.
चरबीची हवा होते
आणि माणूस ती सोडत राहतो,
झोपेतसुद्धा.

वस्ताद हसले. मग हसायचे थांबले.
बाहुबलीच्या नाकाखाली पालथा हात धरला,
तेलकट, मातीनं तांबडा.

बाहेर उसाची ट्रॉली अडकली होती,
शेंडे तालमीच्या भिंतीला खरवडत.
"त्यो बी हवाच खातो," मी म्हटलं,
"मातीतनं घेतो ते थोडंच."

"म्हंजे माझा दहा किलोचा रवा
कुठल्या तरी गुऱ्हाळात निघणार!"
बाहुबली काट्यावरनं उतरला,
भूक लागली म्हणाला.

वस्तादांचा हात
अजून तिथंच, हवेत.