चुना

खारेभाटच्या इगर्जीला दर तीन वर्षांनी चुना लागतो.
कालवांच्या शिंपल्या भाजून तो आमच्याच घरात करतात,
नदीपलीकडे.

पायरीखाली एक दगड पालथा बसवलाय.
खालून बोटं घातली तर पाकळ्या लागतात, पाच.
सहावी बाबांच्याही हाताला लागली नव्हती.

म्हणतात, होडीत देवी होती,
पणतीवर सूप धरलेलं.
वल्हं मारणारा धाकटा तिला उतरवून परत आला,
कारण शेत इथे होतं.
गांवकारीच्या वहीत एका पानावर तो फट्टो,
पुढच्यावर फ्रान्सिश्क.
निशाणी तीच : नांगराचा फाळ.

बांध फुटला की घंटा वाजते.
तेव्हा दोन्ही काठ
कमरेइतक्या चिखलात.

आज इनास शिडी धरून उभा आहे.
त्याचंही डावं कोपर
माझ्यासारखंच पुरतं सरळ होत नाही.
आम्ही त्यावर बोलत नाही.

कणसांच्या फेस्ताला पहिली पेंढी आल्तारावर जाते.
दुसरी तो माझ्या रिकाम्या बादलीत ठेवतो.
‘तिलाही दे,’ म्हणतो. नाव घेत नाही.

होडीतून वाकून मी कणसं धुतो.
चुना
सगळा जात नाही.