गुरुवारी गिरणी बंद असते

धायरीत जगतापांच्या गिरणीवर माझी खोली.
दिवसभर फरशी थरथरते :
गहू, ज्वारी, भाजणी, परत गहू.
गुरुवारी वीज जाते, दहा ते पाच.
तेव्हा मी गाते.
लॅपटॉपची बॅटरी दोन तास दहा मिनिटं पुरते,
म्हणून माझं एकही गाणं लांबलेलं नाही.
लोक त्याला शैली म्हणतात.

कर्वे रोडच्या मागच्या बोळातल्या हॉलमध्ये
तेवीस माणसं आली होती,
त्यातली अकरा चांदगुड्यांची,
कारण बास एकनाथ चांदगुडे वाजवतो.
मध्यंतरात एक गृहस्थ वडा संपवून म्हणाले,
"आवाज बरा आहे. शब्द तेवढे कळत नाहीत."
आणि छत्री घेऊन गेले.
छत्री एकनाथच्या मावशीची होती.

मग एका शुक्रवारी आकडे उघडले.
पुणे : एकोणीस.
सुराबाया : तीनशे बारा.
एकनाथ म्हणाला, काहीतरी चूक असणार.
आम्ही दोन दिवस चूक शोधली.

चुकीचं नाव वुलान.
बंदराजवळ मोबाईल दुरुस्त करते.
फुटलेली काच बदलेपर्यंत
गिऱ्हाइकाला वीस मिनिटं बसावं लागतं,
तेवढ्यात ती मला लावते.
गाणं कुठून मिळालं, विचारलं.
दुरुस्तीला आलेल्या एका फोनमध्ये होतं, म्हणाली,
तो न्यायला
कुणी परत आलंच नाही.

बाणेरला एका कार्यशाळेत
इस्त्रीच्या शर्टातला मुलगा पडद्यावर बाण काढत होता.
उगवत्या बाजारपेठा, तो म्हणाला.
आमच्या गावी उगवतीला म्हणजे पूर्वेला,
गोठ्याचं दार जिकडं असतं तिकडं.
मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

सुराबाया आपल्यापेक्षा दीड तास पुढं.
दीडशहाणी मी होतेच,
आता वेळेनंही झाले :
पहाटे साडेचारला उठायचं,
त्यांच्या सहा वाजता
एकेकाला नाव घेऊन उत्तर लिहायचं.
तेरिमा कासिह.
बागुस, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे.
तिमाहीचे पैसे आले.
बँकेनं आपलं कापून घेतल्यावर
उरलेल्यात दीड किलो भाजणी दळून झाली,
तीही जगतापांनी ओळखीत दिली म्हणून.

वुलाननं विचारलं,
तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ते खर्जातलं वाद्य कुठलं?
त्या दिवशी वीज पाऊण तास आधी आली होती.
मी खाली जाऊन चित्रफीत काढली.
पट्टा फिरतोय, पीठ उडतंय,
जगताप भुवयांपर्यंत पांढरे,
हात हलवतायत.
आता तिथं माझ्यापेक्षा ते जास्त माहीत आहेत.
मध्ये एकदा त्यांनी विचारलं,
"आपली माणसं काय म्हणतात तिकडची?"

तिथं सगळे माझ्याबरोबर गातात,
पण ळ येत नाही.
मी लिहिलं होतं : काळ सरकत नाही.
ते गातात : काल सरकत नाही.
मी आवाज पाठवला :
जीभ मागं ओढ, टाळूला टेकव, सोड.
वुलाननं अकरा वेळा परत पाठवलं.
अकराही वेळा काल.
दुकानात मागं कुणीतरी हसत होतं.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
मी चार महिने ज्या ओळीशी झटले
तिच्यात एवढा वेळ
एक काल दडून बसला होता,
सरकत नसलेला,
आणि तो कुणाचा ते मला माहीत होतं.
बारावा आवाज पहाटे आला.
एकच अक्षर होतं त्यात.
ळ.
नुसतं, ओलं, बरोबर.

परवा पुन्हा तोच हॉल.
एकतीस माणसं, चांदगुडे फक्त नऊ.
मी गायले : काल सरकत नाही.
शेवटी तेच गृहस्थ आले, हातात तीच छत्री.
"या वेळी शब्द कळले," म्हणाले.
"पण तिथं ळ हवा होता."

हो, म्हटलं.
तो सध्या सुराबायात असतो.