नावे

हलच्या बँकेतली काउंटरपलीकडची मुलगी
माझ्या लेकीहून लहान.
विद्यार्थी खातं हवंय म्हटल्यावर
तिनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या बटेकडे,
मग आवाज उतरवून म्हणाली,
तुम्हाला फक्त बेसिक.

ओव्हरड्राफ्ट नाही.
वर्गातल्या पोरांना मिळालं ते रेल्वेचं फुकट कार्डही नाही.

जुनं खातं मार्चपासून गोठलंय.
आत अकरा पौंड चाळीस पेन्स,
आमच्या दुकानातल्या कॉडसारखे,
बर्फात, डोळे उघडे ठेवून.

रिसीव्हर फोनवर फार अदबीनं विचारतो,
तळणीचं मशीन कुणी नेलं? व्हॅन कुणाची?
आणि हो, शिक्षणाचं कर्ज यात बुडत नाही बरं.
बाकी सगळं बुडालं. हे तेवढं पोहणारं.
नर्सिंगचा पहिला हप्ता सोमवारी,
त्याला उतरायला जागा तर हवी.

बाबा पेढीवर खतावणी लिहायचे,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
मी विचारायचे, कुणाची नावं?

हेमांगी नाचणकर. वय सेहेचाळीस.
सरकारी गॅझेटात छापलंय
याच स्पेलिंगनं.
आठवड्यात कार्डावर येईल, म्हणाली मुलगी.

बाहेर येऊन बसपुरते पैसे चाचपते.
तीन पौंड.
सुटे आहेत.