पिग्मीची वही

एकतीस वर्षं देवगड बंदरावर पिग्मी गोळा केली मी,
पतसंस्थेची, कमिशन शेकडा तीन.
सायकल, रेक्झिनची पिशवी, कार्बनचे कागद त्यांचे.
तोंड तेवढं घरचं,
आणि ते बंद ठेवायची सवयही घरचीच.

शेवंती तारी रोज वीस रुपये द्यायची,
बांगड्याच्या टोपलीखालून, खवल्यांसकट.
नोट वाळेपर्यंत पिशवीला वास.
तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. वहीत ती नुसती सव्वीस,
रस्त्यात भेटली तर तेवढंही नाही.
तो गेला तेव्हा बांबू, मडकं, लाकडं
सव्वीस नंबरातून आली,
आणि लोक म्हणाले, बघा, संस्थेने केलं.
मी मान हलवली.

सगळंच असं गोड नव्हतं.
जगन्नाथ कोयंड्याने ट्रॉलर विकला
आणि पैसे मेहुणीच्या नावावर ठेवले,
थोरला भाऊ कणकवलीला डायलिसिसवर पडून
उसने मागत होता, त्याच आठवड्यात.
पावतीवर साक्षीदार मी.
तेव्हाही मान हलवली, तशीच.
रात्री जेवलो नाही, इतकंच.

आता वही नाही. आधार, पॅन, अंगठा.
काउंटरवरची पोर मोठ्याने विचारते,
"आजी, हे साडेअकरा हजार कुठून आले?"
मागे रांगेत अर्धी आनंदवाडी.

बाजारात शेवंतीच्या फळीवर डबा बोलतो,
"एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले",
शुद्ध मराठीत, बातम्या दिल्यासारखं.
समोरची हौसा मोजते.
बर्फवाला मोजतो, ज्याचं देणं राहिलंय.
उत्सवाची वर्गणी मागणारे मोजतात,
आणि सून तर घरी मोजूनच बसलेली.
काल पाहिलं, डब्यावर ओलं गोणपाट.
तरी आतून घुमत होता आकडा,
विहिरीत पडलेल्या माणसासारखा.
"गप ऱ्हव रे मेल्या," ती त्याला म्हणाली,
मग इकडेतिकडे बघून मला,
"भाऊनू, परत येशात काय सांजचे?
वीसच रुपये. वही घेवन."

संस्था मोठ्या बँकेत विलीन होऊन सहा वर्षं झाली.
पिशवीत आता रेशनकार्ड आणि रक्तदाबाच्या गोळ्या.
हे मी तिला सांगितलं नाही.
बघू, म्हटलं.

माझ्या खात्याला मुलीचा नंबर जोडलाय.
पुण्याहून तिचा फोन, अगदी मायेने,
"बाबा, दर सात तारखेला चारशे रुपये कुठे जातात?"
खिडकीतून खाडी दिसत होती, सुकती लागलेली,
बायका चिखलात तिसऱ्या वेचत होत्या.
उकळल्याशिवाय तिसरी उघडत नाही.
उकळूनही न उघडणारी एखादी निघते,
ती मेलेली समजून टाकून देतात.
"औषधाचे," म्हटलं.
"कुठल्या औषधाचे?"
विचारणारा वाईट असावा लागत नाही,
हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

सरकारला हवं ते द्यावं, मी देतो,
फॉर्म भरतो, अंगठाही लावतो.
पण शेवंती माशांवर गोणपाट टाकते
तेव्हा मासे चोरीचे नसतात.
ऊन लागू नये म्हणून टाकते.

आता सात तारखेला मी दोन हजार एकदम काढतो.
बाजार, वीजबिल, त्यात मिसळून जातात ते चारशे.
चालत नेऊन देतो.
कुठे, ते तुम्हालाही सांगणार नाही.
एवढंच की वाटेत जगन्नाथचं घर लागतं,
आणि तेवढी पावलं मी खाली बघून टाकतो.

पावती हवी का, यंत्र विचारतं.
नको.