हीटरची कळ लालवर

आधी इंजिन गार होऊ दे, एदहेम म्हणाला.
गारच आहे, मी म्हटलं,
मार्चपासून गार आहे.

तो काही बोलला नाही. आयुष्यभर बस चालवली त्यानं,
बुगोय्नो ते झेनित्सा, आणि परत बुगोय्नो.
बाईमाणसाच्या बोलण्यात कुठे थांबायचं
हे त्याला थांब्यांसारखं पाठ आहे.

गोल्फ, अठ्ठ्याऐंशीची, डिझेल, एकेकाळी पांढरी.
माझ्या चपला शोधायला कधी वाकला नाही चामिल,
हिच्याखाली मात्र तासन् तास आडवा.

एदहेमनं टाकीचं झाकण अर्धं फिरवलं,
तिला एक उसासा टाकू दिला, मग पूर्ण काढलं.
आत बस, म्हणाला, हीटरची कळ लाल खुणेपर्यंत ओढ,
नाहीतर जुनं पाणी दडून राहतं
डॅशबोर्डच्या मागे, छोट्या जाळीत.

कळ अर्ध्यावर अडली,
जिथे सत्तावीस हिवाळे अडत आली होती.
जोर लाव.
लावला. कट्ट झालं, आणि गेली.
एवढंच होतं?

खालचा पाइप सुटला, तेव्हा
हिरवं यायला हवं होतं, निदान निळं.
आला चहा.
आधी फिका, मग कडक,
शेवटी तर चुलीवर विसरलेल्या पातेल्याच्या बुडासारखा.
एदहेमनं चिमटीत घेऊन चोळला.
हे कूलंट नव्हेच, नेव्झेता. साधं पाणी, गंज खाल्लेलं.

दर ऑक्टोबरात वीस मार्क न्यायचा की माझ्याकडून,
कूलंटला म्हणून!
एदहेम एकदम पाइपाकडे फार मन लावून बघू लागला.
मग हळूच क्लॅम्प माझ्या तळहातावर ठेवला.
स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत,
चोखून चोखून संपवलेल्या गोळीसारखी.

रोज सोडायचा तो, एदहेम म्हणाला,
डिसेंबर, जानेवारी, रोज रात्री सगळं पाणी सोडून द्यायचा,
गोठून इंजिन फुटू नये म्हणून.
पहाटे परत भरायचा, कोमट करून.

किटली!
अंधारात उठून किटली घेऊन जायचा बाहेर,
आणि मी उबेत पडून समजायची
की अंगणात उभं राहून कॉफी पिणं
ही पुरुषांची काहीतरी खोड असावी.
कवडीचुंबक, मी म्हटलं. मोठ्यानं.
वीस मार्कांसाठी सत्तावीस वर्षांची झोप.
आणि ते वीस मार्क गेले कुठे, एदहेम?
फुटबॉलवर, तो म्हणाला. थोडे. माझेही.

लोणच्यासाठी आणलेलं लिंबूसत गेलं गाडीच्या पोटात.
वीस मिनिटं इंजिन चालवलं, थांबलो, गार झालं, सोडलं.
मग बागेची नळी उलट्या बाजूनं जाळीला लावली,
तर तपकिरी पापुद्रे आले, काळे कण,
एक रबराचा तुकडा, कशाचा ते कुणालाच कळेना.
तीनदा. चौथ्यांदा बादलीचा तळ दिसला.

नवं निळं, निम्मं निम्मं डिस्टिल्ड पाण्यात.
सांडलेलं तो लगेच पुसत होता.
गोड लागतं, मांजरं चाटतात आणि मरतात.
वरचा पाइप दाबत राहिला, दाबत राहिला,
गाईची धार काढावी तसा,
आणि टाकीत बुडबुडे, एकेक, आळसावलेले.

सुरू कर.

डिझेल खोकली, खडखडली, जागेवर आली.
वरचा पाइप तापला, मग खालचा.
बऱ्याच वेळानं पंखा फिरला आणि थांबला.
मी ड्रायव्हरच्या जागी बसलेली.
झरोक्यांतून आधी ओल्या धुळीचा वास आला,
मग ऊब,
शेजारच्या सीटवर सरळ,
जिथे माझी घोंगडी घडी घालून ठेवलेली असते,
जिथे बसून मी दर हिवाळ्यात म्हणायची, पाय गारठले,
आणि तो म्हणायचा, तुला नेहमीच गारठतं.

घोंगडीवर हात ठेवून पाहिला.
तापली होती.

खिडकीत एदहेम उभा, हात पुसत.
डब्याचे बावीस झाले, म्हणाला. महागलंय.
पैसे मोजले. एक नोट परत घेतली, त्याच्या फुटबॉलची,
मग राहू दे म्हटलं, आणि दिली.