उसनी वाळू

वाळू हत्तुरेंच्या बांधकामावरची.
दोन घमेली, विचारून आणली.
"केकला वाळू?" मिस्त्री हसला, "सिमेंट नको काय बे?"
हासिनीने त्याला नीट समजावलं:
वाळू खायची नसते काका, ती खाली असते.

आज एक जून.
पद्मजाच्या आधारकार्डावरचा वाढदिवस.
खरा कधी, ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं.
"त्या साली ऊन लै होतं," एवढंच सांगायची.
सोलापुरात ऊन नव्हतं असं साल कुठलं?
शेवटी शाळेत गुरुजींनी टाकली ती तारीख.
पोरांना मात्र तारीख म्हणजे तारीख.

म्हणून लूमवरनं खाडा करून
मी, सहा वर्षांची एक, चार वर्षांचा एक
आणि अर्धा किलो मैदा.
घरात चाळण्या दोन, एक पिठाची, एक तंबाखूची.
कुठली कुठली, हे तरुणने नाक लावून ठरवलं
आणि शिंकला.
मैदा तिथूनच उडायला लागला.

चादरीचे हजारो धागे माझ्या नजरेखालून जातात,
एक तुटला तरी झोपेत कळतं.
पण साखर दीड वाटी म्हणजे किती
यावर आमचं तिघांचं एकमत होईना.
हासिनी मोजायची,
तरुण मोजलेलं खायचा,
ती परत पहिल्यापासून.

दही, तेल, चिमूटभर सोडा,
नवी पेठेतनं आणलेली इसेन्सची अंगठ्याएवढी बाटली.
"एकाच बाजूनं फिरवा," मी म्हटलं.
"का, नाना?"
मला कुठं माहीत?
"उलटं फिरवलं की त्याला चक्कर येते."
मी डब्याला तेल लावेपर्यंत
दोघांनी त्याला एकदा चक्कर आणून बघितली.

पातेल्यात वाळू, वाळूवर जाळी, जाळीवर डबा,
झाकणावर वरवंटा.
पाऊण तास उघडायचं नाही.
पाऊण तास म्हणजे?
अम्माचे विड्यांचे तीन कट्टे.
हां, मग कळलं दोघांनाही.

पहिला कट्टा झाला असेल नसेल
तर गल्लीत बोंब उठली: नळ आला!
पाचव्या दिवसाचं पाणी, आणि आत्ता.
घागरी, पिंप, बादल्या, कळशी,
केकचं भांडं राहिलं होतं विसळायचं, तेही भरलं.
पोरांना पहाऱ्यावर ठेवून मी नळीमागे पळालो.

ओल्या बनियनने परत आलो
तर दोघं पातेल्याकडे पाठ करून उभी,
जरा जास्तच सरळ.
"उघडलं?"
"एकदाच," तरुण म्हणाला,
"तो श्वास घेतोय का बघायला."

निघाला तो मधोमध बसलेला,
बुडाला काळा.
मी गप्प. गॅसकडे बघत राहिलो.
हासिनीने डबे हुडकले,
शेंगांचं कूट आणि गूळ घेऊन
खड्डा भरायला बसली,
महापालिकेपेक्षा बराच नीट.

पद्मजा कारखान्यातनं आली ती थकून.
हजारातल्या साठ विड्या छाट काढल्या होत्या,
त्यांचे पैसे नाहीत.
पदराने गळा पुसला, ताटाकडे बघितलं,
मग बोटांना साबण लावला, दोनदा,
तरी तंबाखू थोडी राहतेच.

खालचा तुकडा मोडताना कट्टकन आवाज झाला.
"वरनं केक, खालनं कडक भाकरी," ती म्हणाली.
आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत होतो.
ती चावत राहिली, बराच वेळ,
मग मुकादमासारखी मान हलवून म्हणाली,
"छाट नाही. सगळा माल पास."
तरुणला काही कळलं नाही, तरी तो नाचला.

रात्री पातेलं अजून कोमट होतं.
उसनं ते परत करायचं, हासिनीचा हट्ट.
सकाळी वाळू ढिगावर ओतून आलो.
दुपारी मिस्त्रीनं गिलावा केला.
आता हत्तुरेंच्या त्या भिंतीजवळून जाताना
माझी दोन्ही पोरं थांबतात,
आणि भर उन्हात
भिंतीला नाक लावून उभी राहतात.